गावात आफ्रिकेच्या गोष्टींची रात्र कशी भरवायची

सगळ्यात आधी हे डोक्यातून काढा की आपण साहित्य संमेलन भरवून राहिलो. सत्कार, शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन, मग तीन पाहुण्यांची भाषणं अन् शेवटी आभार, हा आपला ठरलेला कार्यक्रम आफ्रिकेच्या साहित्यावर ठेवला तर दुसऱ्या पाहुण्यापर्यंत मागचे लोक खर्रा घोटत घोटत घरी निघून जातात. ज्यानं नायजेरिया नकाशावर पण पाहिला नाही त्याला "समकालीन आफ्रिकी साहित्याचे प्रवाह" ऐकवून काय फायदा, त्याला गोष्ट ऐकवा, कोणीतरी उभं राहून करून दाखवा, मग तो आपणहून विचारतो, हे लिहिलं कोणी बापा. म्हणून मी याला गोष्टींची रात्र म्हणतो. अन् आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत रात्रभर थंडीत कुडकुडत नाटक पाहणारं पब्लिक आयतं आहे, दिवाळीपासून होळीपर्यंत शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, झाला की रात्री नाटक हे ठरलेलंच, तर बसायची सवय लावायची गरज नाही.

अन् हे काही ओढूनताणून जुळवून नाही राहिलो मी. केनियात नैरोबीजवळ लिमुरू म्हणून भाग आहे, तिथं कामिरिथू नावाचं गाव. १९७७ साली तिथल्या शेतमजुरांनी, चहाच्या मळ्यातल्या अन् बाटाच्या चपलेच्या फॅक्टरीतल्या कामगारांनी स्वतःच्या हातानं उघड्यावरचं थिएटर बांधलं, जवळपास २००० माणूस बसेल एवढं, अन् त्यात न्गुगी वा थिओंगो अन् न्गुगी वा मिरी या दोघांनी लिहिलेलं नाटक गावच्याच लोकांनी केलं, तेही इंग्रजीत नाही, त्यांच्या गिकुयू भाषेत. तालमी उघड्यावर व्हायच्या, येणारा-जाणारा थांबून सांगायचा की आमच्यात असं नाही बोलत, असं बोलतात, अन् ती ओळ बदलायची. नाटकाची गोष्ट ऐका. एक शेतमजूर आहे, दीड एकर जमीन, तिचा कागद त्यानं घराच्या भिंतीवर लावून ठेवलेला, अन् एक पैसेवाला मालक त्या जमिनीवर डोळा ठेवून आहे. नवरा-बायकोच्या मागं लागतात की तुमचं लग्न चर्चमध्ये नाही झालं, रीतसर करा, तर तो बँकेचं कर्ज काढतो, जमीन गहाण जाते अन् शेवटी जातेच. लग्नासाठी कर्ज अन् कर्जापायी जमीन, हे यवतमाळच्या कोणत्या गावात समजावून सांगावं लागेल सांगा बरं? सरकारनं काही आठवड्यातच नाटक बंद पाडलं, ३१ डिसेंबर १९७७ ला न्गुगी वा थिओंगोंना उचललं, वर्षभर कामिती जेलमध्ये ठेवलं, तिथं त्यांनी संडासच्या कागदावर गिकुयूत कादंबरी लिहिली. १९८२ मध्ये पोलिसांनी ते थिएटरच पाडून टाकलं. मे २०२५ मध्ये न्गुगी गेले.

तर पहिल्या वर्षीसाठी माझं सरळ मत आहे, हीच गोष्ट मुख्य ठेवा. पूर्ण नाटक नका करू, दोन तासांचं काम आहे अन् मूळ नाटकात गाणी-नाच भरपूर, ते आपल्याला जमणार नाही. निवेदकानं कामिरिथूची हकिगत सांगायची अन् मधे मधे नाटकातले दोन-तीन छोटे प्रवेश, बस.

आता तारीख. २५ मे हा आफ्रिका दिन, १९६३ मध्ये आफ्रिकी देशांची एकता संघटना झाली तो दिवस, कोणी शहाणा सांगेल की याच दिवशी ठेवा. त्याला सांगा, भाऊ २५ मेला आमच्याकडं नवतपा लागतो, पारा ४५ च्या वर, रात्री दहाला पण भिंती गरम असतात, वर लग्नसराई. नाही जमत. ऑक्टोबरात वाचन प्रेरणा दिन असतो १५ तारखेला, शाळेवाले खुश होतील, पण तेव्हा सोयाबीन काढणीत कोणी घरी नसतं. फेब्रुवारीत मराठी भाषा गौरव दिन चांगला होता पण बारावीची परीक्षा चालू असते अन् भोंगा लावला की पालक भांडायला येतात, अन् बरोबरच आहे त्यांचं. म्हणून मला जानेवारीचा पहिला आठवडा सगळ्यात बरा वाटतो. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती शाळेत होतेच, ५ जानेवारी हा न्गुगींचा जन्मदिवस, १९३८ चा. मधे ४ तारीख तालमीला. ३ ला बायांच्या गोष्टी, ५ ला गावाची मोठी रात्र, असे दोनच कार्यक्रम ठेवा, तीन दिवसांचा महोत्सव वगैरे फलकावर छापायला चांगला दिसतो पण कापूस वेचून आलेली बाई लागोपाठ तीन रात्री येत नाही.

तारखेत अजून एक गोम आहे जी शहरातल्या लोकांना सांगूनही कळत नाही. शेतीची लाईन, म्हणजे पंपाची वीज, काही दिवस दिवसा असते अन् काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की गावातले अर्धे माणसं चन्याला-गव्हाला ओलित करायला शेतात. वायरमनला आधी विचारून ठेवा की त्या आठवड्यात आपल्या फिडरची पाळी कोणती, अन् त्यावर दोन दिवस इकडंतिकडं सरकवायची तयारी ठेवा, न्गुगींचा वाढदिवस ७ तारखेला साजरा झाला तर कोणी काही म्हणत नाही.

वेळ संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ. रात्री १० नंतर भोंगा वाजवायला तसाही कायद्यानं बंदी आहे. पण ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडच्या गावात कारण वेगळंच, वाघ. टोल्यावरून, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवरून, येणारे लोक अंधारात एकटे परत जात नाहीत, त्यांना गटानं पाठवायचं, सोबत टॉर्च अन् दोन-चार पोरं द्यायची, हे आधीच ठरवून दवंडीत सांगितलं तर टोल्यावरच्या बाया येतात, नाहीतर नाही येत.

गोष्टी निवडायचं काम सगळ्यात मजेचं आहे, यात घाई नका करू. एक गोष्ट पक्की धरा की आफ्रिका हा एक देश नाही, ५४ देश आहेत, हजारावर भाषा आहेत. त्यामुळं "आफ्रिकेची संस्कृती" असं एका बॅनरवर लिहूच नका, देशाचं नाव लिहा, भाषेचं लिहा, लेखकाचं लिहा. अन् अमेरिकेतले काळे लेखक वेगळे, माया अँजेलो अमेरिकेची, तिला आफ्रिकेच्या यादीत टाकून देतात लोक, तिच्या कविता भारी आहेत पण ती वेगळी रात्र.

३ तारखेसाठी मी सांगेन चिमामांडा न्गोझी अदिची घ्या, नायजेरियाची, जन्म १९७७ चा, आता जगभर वाचतात तिला. २००९ मध्ये तिचा कथासंग्रह आला त्यात एक कथा आहे, कानो शहरात दंगल पेटलेली, दोन अनोळखी बाया पळत पळत एका बंद दुकानात लपतात. इग्बो अन् हौसा हे तिथले दोन समाज. एक इग्बो, ख्रिश्चन, डॉक्टरकी शिकणारी पैसेवाल्या घरची पोरगी, दुसरी हौसा, मुसलमान, बाजारात कांदे विकणारी. पोरीची बहीण बाहेर हरवली, बाईची पोरगी शेंगा विकायला गेलेली ती पण हरवली. रात्रभर दोघी त्या दुकानात. स्टेज लागत नाही, सेट लागत नाही, दोन बाया अन् एक जुनी खिडकी, बाहेरून आवाज काढायला तीन पोरं. यात एक जागा अशी येते की कांदेवाली त्या शिकलेल्या पोरीला छातीचं दुखणं दाखवते, कारण ती डॉक्टर होणार आहे. आता गावात हे सगळ्यांसमोर कसं करायचं म्हणून लोक ती जागा कापायला सांगतील. कापू नका, करून दाखवायचं नाही, निवेदन करणाऱ्या बाईनं फक्त सांगायचं, गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई असतील तर त्यांनाच निवेदक करा, त्या हे रोज बोलतात अन् त्यांच्या तोंडून कोणाला वावगं वाटत नाही. त्या जागेनं तर दोघींमधलं अंतर मिटते, तीच काढली तर कथेत राहिलं काय.

त्याच दिवशी हलकंफुलकं काही हवं असेल तर युगांडाचे ओकोत पबितेक, १९६६ चं दीर्घकाव्य आहे, आजचं नाही म्हणता येत पण ऐकायला अजून ताजं. लाविनो नावाची खेड्यातली बायको नवऱ्याबद्दल तक्रार करते, की हा शिकून आला अन् आता माझं बोलणं, माझं स्वयंपाक करणं, माझे केस सगळं गावठी म्हणतो, अन् शहरी क्लेमेंटाईनच्या मागं लागला. हे आपल्या बचत गटातल्या कोणत्याही तोंडाळ मावशीला द्या अन् पहा. तिला पाठ करायला लावू नका, तिला मुद्दे सांगा अन् तिच्या ठसक्यात बोलू द्या.

५ तारखेला कामिरिथूशिवाय अजून एक छोटं वाचन पाहिजे असेल तर अब्दुलरझाक गुर्ना. झांझिबारचे, २०२१ चं नोबेल त्यांना मिळालं. त्यांची १९९४ ची कादंबरी आहे त्यात बारा वर्षांचा युसुफ, बापानं व्यापाऱ्याचं कर्ज घेतलेलं असतं म्हणून पोरगाच त्याच्याकडं कामाला देऊन टाकतो, अन् त्या व्यापाऱ्याला काका म्हणणाऱ्या पोराला वाटत राहतं की आपण काकासोबत फिरायला चाललो. पहिलं प्रकरण तेवढं वाचायचं, गाडीत बसेपर्यंत, अन् थांबून जायचं. पुढं काय झालं म्हणून लोकांनी विचारलं पाहिजे. त्या कादंबरीत कलासिंगा नावाचा एक सरदारजी मेकॅनिक पण आहे, त्यावरून सांगता येतं की हे लोक अन् आपण समुद्राच्या दोन बाजूचे, येणं-जाणं जुनंच. आपल्या इतिहासातला मलिक अंबर इथिओपियातूनच आला होता हे शाळेतल्या पोरांना माहीत असतं, त्याच धाग्यावर दोन वाक्य बोला, भाषण नको.

पोरांसाठी न्गुगींचीच हात अन् पायाची गोष्ट घ्या. माणूस आधी चार पायावर चालायचा, हात-पाय एकदम गुण्यागोविंदानं राहायचे, बाकीच्या अवयवांना जळजळ झाली अन् त्यांनी भांडण लावून दिलं की तुमच्यात मोठा कोण, मग शर्यती लागल्या अन् शेवटी माणूस उभा कसा झाला ते. २०१६ मध्ये जलाडा नावाच्या आफ्रिकी लेखकांच्या गटानं ही गोष्ट भाषांतर करून करून छापली, आता शंभराच्या वर भाषांत गेली आहे. चौथी-पाचवीचे पोरं जीभ, नाक, पोट, गुडघा होतात, याला तालीम दोन दिवसांची पुरते, खरं तर जास्त तालीम केली की बिघडते.

आता हे मराठीत आणायचं कसं. बहुतेक पुस्तकं इंग्रजीत मिळतील. कॉलेजात इंग्रजी शिकवणारे सर किंवा एमए करणारी एखादी ताई पकडा, पण तिला भाषांतर लिहून आणायला सांगू नका, ती "त्या स्त्रीच्या मुखावर विषाद दाटून आला" असं लिहून आणेल. तिला सांगा तू वाचून ये अन् आम्हाला तोंडी सांग. चार-पाच जण बसा, ती सांगेल, मग दुसरा कोणी तीच गोष्ट आपल्या बोलीत परत सांगेल, ते मोबाईलवर रेकॉर्ड करा अन् त्यावरून स्क्रिप्ट उतरवा. मग ताईनं मूळ पुस्तक समोर ठेवून तपासायचं, की आपण गोष्टीत काही घुसडलं तर नाही. नावं बदलू नका. दंगलीच्या कथेतली ती डॉक्टरकी शिकणारी पोरगी चिका, तर चिकाची चंदा अन् कानोचं कारंजा करायचा मोह सगळ्यांनाच होतो, लोकांना आपलंसं वाटावं म्हणून, पण मग ती रात्र आफ्रिकेची राहत नाही. लोकांना परकी नावं अडत नाहीत, वेस्ट इंडिजच्या अख्ख्या टीमची नावं पाठ असतात त्यांना.

परवानगीचं थोडं समजून घ्या. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये छापलेल्या पुस्तकातला वाजवी उतारा लोकांसमोर वाचायला मुभा आहे, अन् हौशी मंडळानं तिकीट न लावता प्रयोग केला तर त्यालाही. म्हणून तिकीट ठेवू नका, देणगीची पेटी पण फिरवू नका. भाषांतर छापणं, पुस्तिका काढणं, अख्खा प्रयोग युट्यूबवर टाकणं हे वेगळं, त्याला प्रकाशकाची लेखी परवानगी लागते. ईमेल करून पाहायला काही जात नाही, काय करणार, कुठं करणार, किती लोक येणार, पैसे घेणार नाही, एवढं साधं लिहायचं. अन् व्हॉट्सअपवर फिरणाऱ्या पुस्तकांच्या पीडीएफ ग्रुपमध्ये टाकू नका राव, ज्याचा उत्सव करून राहिलो त्याच्याच खिशात हात घालायचा का.

करणारे कोण, तर दंडार या आपल्या लोकनाट्यातले, भजनी मंडळातले, नाटक कंपनीत काम करून आलेले. आवाज अन् धीर त्यांच्याकडं आहे. फक्त नाटकवाल्याला एक गोष्ट सुरुवातीलाच अन् स्पष्ट सांगा, तोंडाला काळं फासायचं नाही. गवताचे झगे नाही, गळ्यात हाडं नाही, "हुला हुला" नाही. हे तो वाईट हेतूनं करत नाही, त्यानं सिनेमात तेच पाहिलं असतं, पण एकदा स्टेजवर ते आलं की पुढं कितीही चांगली कथा सांगा, पोरांच्या डोक्यात तेच राहतं. साधे कपडे, धोतर-लुगडं-पॅन्ट जे असेल ते. बॅनरवर पण सिंह-जिराफ-मावळता सूर्य नको. केनियाचे बिन्यावांगा वाइनाइना यांनी २००५ साली यावरच एक तिरकस लेख लिहिला होता, आफ्रिकेवर लिहायचं तर सूर्यास्त टाका, उपाशी माणूस टाका, माणसांपेक्षा हत्तीला भाव द्या अशा सुरात, तो निवेदकाला आधी वाचायला द्या, त्याची जीभ आपोआप सांभाळून चालते. आपल्याबद्दल पण बाहेरचे लोक आत्महत्या अन् नक्षलवाद या दोनच गोष्टी बोलतात, राग येतो ना, मग झालं.

सुरुवात कशी करायची तर पूर्व आफ्रिकेत स्वाहिली भाषेत गोष्ट सांगणारा आधी म्हणतो "पाऊक्वा!" अन् ऐकणारे सगळे ओरडतात "पाकावा!" मग गोष्ट चालू. हे पोरांना दुपारीच शिकवून ठेवा, संध्याकाळपर्यंत गावभर ओरडत फिरतात, तीच तुमची जाहिरात. प्रत्येक गोष्टीआधी हे करायचं, मधे लोक पेंगले तरी करायचं. खंजिरी आहेच, तिला आफ्रिकेचं वाद्य म्हणून खपवू नका, आपली खंजिरी म्हणूनच वाजवा.

पाहुणा. पुण्यात आफ्रिकेतली बरीच पोरं-पोरी शिकतात, ओळखीपाळखीतून कोणी यायला तयार झालं तर येण्याजाण्याचं रिझर्वेशन तुम्ही करून द्या, राहायला संडास-बाथरूम असलेलं घर पहा, अन् जेवणात काय चालतं ते विचारा. नाही जमलं तर व्हिडिओ कॉल, पण गावच्या रेंजवर विश्वास ठेवू नका, आधी रेकॉर्ड करून मागवा. त्याला बोलवून नाचायला सांगायचं नाही, केसाला हात लावायचा नाही, सेल्फीला रांग लावायची असेल तर कार्यक्रम झाल्यावर अन् त्याला विचारून. तो इंजिनिअरिंग शिकत असेल, साहित्यावर बोला म्हटलं तर घाबरून जाईल, त्याला एवढंच विचारा की तुझी आजी कोणती गोष्ट सांगायची, तिच्या भाषेतच सांग, मग आम्हाला समजाव. अन् निवेदकानं "आपले आफ्रिकन बंधू" नाही म्हणायचं, नाव घ्यायचं, नीट उच्चार त्यालाच विचारून.

जेवण ठेवा, जेवण ठेवलं की लोक थांबतात. आफ्रिकी पदार्थ युट्यूबवर पाहून करायच्या फंदात पडू नका. ज्वारी मुळात आफ्रिकेतून आली, बरबटीच्या शेंगा पण तिकडच्याच. ज्वारीची भाकर, बरबटीच्या दाण्याची उसळ, झुणका, कांदा, मिरचीचा ठेचा. वाढताना एवढं सांगा की हे बियाणं कुठून आलं, म्हातारे लोक यावर जेवढे बोलतात तेवढे कादंबरीवर नाही बोलत. सांगायची गोष्ट म्हणजे शेकोटी जेवणाच्या बाजूला ठेवा, स्टेजच्या बाजूला नाही, नाहीतर सगळे पाठ करून बसतात.

खर्च जास्त नाही. समाजमंदिर ग्रामपंचायतीला पत्र देऊन, भोंग्याची परवानगी ठाण्यातून, सतरंज्या भजनी मंडळाच्या, माईक ज्याच्याकडं लग्नाचा असतो त्याच्याकडून. दोन माईक घ्या, एक हातातला अन् एक उभा, बाकी कशावर पैसे घालवू नका. उरलेला पैसा पुस्तकांत घाला, गावच्या वाचनालयाला. सगळ्यात छोट्या ड वर्गाचं वाचनालय असलं तरी चार-पाच पुस्तकं आफ्रिकेची आली की तो एक कप्पा होतो, सोबत आपली मराठी स्क्रिप्ट हातानं लिहून ठेवा, कॉलेजची पोरं दोन्ही समोर ठेवून वाचतात.

बाहेरच्या मोठ्या साहित्य फेस्टिवलांची माहिती पण घेत राहा, काही चांगल्या गोष्टी उचलता येतात. नायजेरियात लेखिका लोला शोनेयिन यांनी २०१३ मध्ये आके फेस्टिवल चालू केला तो लागोससारख्या मोठ्या शहरात नाही, अबेओकुटाला, नंतर मग लागोसला नेला. दक्षिण आफ्रिकेत २०१६ मध्ये अबांतू फेस्टिवल सोवेटो या काळ्या लोकांच्या वस्तीत चालू झाला, गोऱ्या लोकांच्या वाईनच्या गावातले फेस्टिवल सोडून वाचक जिथं राहतात तिथं. सोमालीलँडमध्ये हर्गेसा शहरात २००८ पासून पुस्तक मेळा भरतो, १९८८ मध्ये बॉम्बनं पार उद्ध्वस्त झालेलं शहर ते, अन् तिथं दरवर्षी एक देश पाहुणा असतो. ही पाहुण्या देशाची पद्धत आपल्याला एकदम सोयीची आहे. पहिल्या वर्षी नायजेरिया, केनिया असे दोन-चार देश झाले, तर दुसऱ्या वर्षी एकच देश घ्या, सेनेगल घ्या, मारियामा बा यांची १९७९ ची छोटी कादंबरी आहे, नवऱ्याच्या मरणानंतर मैत्रिणीला लिहिलेलं लांब पत्र, विधवा बाईचं सुतक अन् त्यात बसून केलेला हिशोब, ती एकट्या बाईनं बसून वाचायची. समाजमंदिराची तारीख मात्र यंदाच वहीत लिहून या, जानेवारीत साखरपुडे चालू झाले की हॉल मिळत नाही.